भाचे खाणारा मामा

देवानं न्सोनाच्या पदरात एकच भाऊ टाकला होता, आणि तोही असला.

शनिवारी किन्शासाच्या न्गाबा वस्तीतल्या बाकीच्या बायका दारात बसून एकमेकींचे केस विणायच्या आणि गावभरच्या कुचाळक्या करायच्या. न्सोना मात्र परसात बकऱ्याची आतडी धूत बसलेली असायची. आतडी धुणं म्हणजे पोरखेळ नाही. ती उलटी करावी लागतात, सुरीच्या पाठीनं खरवडावी लागतात, मीठ-लिंबू चोळून पुन्हा पुन्हा पाण्यातून काढावी लागतात, तेव्हा कुठे वास जातो. मग ती टोमॅटो आणि लाल पाम तेलात मऊ शिजवायची. पण कापायची नाहीत, लांबच्या लांब ठेवायची. कारण रविवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ मावुंगु तीच आतडी भरल्या मैदानात लुकाऊ नावाच्या पैलवानाच्या पोटातून ओढून काढणार आणि गुरगुरत खाणार. बायका किंचाळणार, लुकाऊ हातपाय झाडत मरून पडणार. पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. त्याचं कोणाला नवल वाटत नसे. मांत्रिकानं मारलेला माणूस मांत्रिक उठवूही शकतो, एवढं किन्शासात शेंबड्या पोरालाही कळतं.

सुरुवातीला मावुंगु आतडी कच्चीच घेऊन गेला होता. पहिल्याच खेळात त्याला रिंगणात भडभडून उलटी झाली. लोकांना वाटलं, मंत्र उलटला. त्या दिवसापासून हे शिजवायचं काम न्सोनाच्या गळ्यात पडलं ते पडलंच. ती पहाटे उठून मिकाते, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकायची, दुपारी घर बघायची आणि शनिवारी भावासाठी माणसाची आतडी रांधायची. आणि एवढं करून रविवारी संध्याकाळी हा बाबा घरी येऊन म्हणणार, "ताई, आज मीठ जरा कमी होतं."

"माणसाच्या पोटातल्या आतड्याला मीठ कोण घालतं रे, मुडद्या?"

"तसं नाही, पण चव लागली की तोंडावर बरं दिसतं."

या माणसापुढे डोकं आपटायचं तरी कुठे?

रिंगणात त्याचं नाव होतं म्पिम्पा, म्हणजे काळोख. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. खरा मावुंगु काळोखाला घाबरायचा. आई गावाकडे वारली तेव्हा न्सोना त्याला कसाव्याच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर बसवून शहरात घेऊन आली. सगळ्या वाटेत त्यानं तिच्या लुगड्याचं टोक सोडलं नव्हतं. पुढे अंगानं दारात मावेना एवढा झाला, तरी वीज गेली की अंथरुणातून हाक यायची, "ताई, जागी आहेस ना?" त्याच्या उशाशी कंदील ठेवायचा खर्चही तिचाच.

सिमेंटच्या वखारीत तो पोती उचलायचा. एका खांद्यावर दोन पोती घेऊन चालताना त्याला आखाड्याच्या म्हाताऱ्या मालकानं पाहिलं आणि उचलून नेलं. अंग होतं, ताकद होती, फक्त मारायची इच्छा नव्हती. समोरच्याला आपटलं की हा वाकून विचारायचा, "लागलं का रे?" लोक हुर्यो करायचे, केळ्याची सालं फेकायचे. शेवटी म्हातारा वैतागून म्हणाला, "याला मारता येत नाही ना? मग घाबरवू दे." अर्ध्या तोंडाला पांढरी माती, कमरेला गवताचा घागरा, डोक्यावर पिसं, गळ्यात कासवाची पाठ. आता मावुंगुनं नुसता हात उगारायचा, काहीतरी पुटपुटायचं आणि समोरच्यानं कोसळायचं. कोसळणं ही खरी कला. त्यात लुकाऊचा हात धरणारा कोणी नव्हता. दोघांची जोडी जमली आणि रविवारी बँड लावून म्पिम्पाची मिरवणूक गल्लीगल्लीतून निघायला लागली. तो दिसला की आया पोरांना आत ओढून दारं लावायच्या.

आखाड्यात एकच कायदा होता. आत काय शिजतं ते बाहेर सांगायचं नाही. सांगणाऱ्याला आखाडा कायमचा बंद, कारण एकाच्या तोंडावर सगळ्यांच्या चुली अवलंबून. न्सोनाची तर चूलच त्यात होती. ती मुकाट्यानं शिजवायची आणि मुकाट्यानं चरफडायची.

एवढ्यावर भागलं असतं तर देवाचे आभार मानले असते. पण टीव्हीवर नाटकं करणाऱ्या एका मंडळीनं म्पिम्पाला पाहिलं आणि मालिकेत घेतलं. काम कसलं, तर मामाचं. भाचे खाणाऱ्या मामाचं! रात्री शेंगेच्या टरफलाचं विमान करून उडणारा आणि बहिणीची पोरं एकेक करून फस्त करणारा मामा.

न्सोनाच्या बाकोंगो जमातीत मुलं आईच्या कुळाची. बाप शाळेची फी भरेल, पण शब्द चालायचा तो मामाचा. भाचीच्या लग्नात मामानं तोंडात ताडी घेऊन तिच्या अंगावर शिंपडली नाही, तर ते लग्न अर्धंच. पुढे मूल झालं नाही, नवऱ्याची नोकरी गेली, छप्पर उडालं, तरी लोक म्हणणार, मामा नाराज असेल. आणि ज्याच्या हातात आशीर्वाद, त्याच्याच हातात शाप. घरात अवेळी कोणी गेलं की पहिली बोटं मामाकडे वळतात. अशा मुलखात या शहाण्यानं नेमकं ते काम धरलं आणि इतकं झकास केलं की शहरातल्या सगळ्या मामांना तोंड लपवायची पाळी आली.

"डॉक्टरचं काम माग, मास्तरचं माग," न्सोना डोकं फोडून सांगायची.

"मागितलं होतं ना ताई. एकदा पास्टरचं दिलं. मी पडद्यावर प्रार्थनेला हात जोडले, तर लोकांनी टीव्हीवाल्यांकडे तक्रार केली, राक्षसाला झगा घातला म्हणून."

"मग घरी बस!"

"ते चिडले तर?" कोणाला नाही म्हणणं याला जन्मात जमलं नाही.

बाजारात तो पुढे आला की बायका पाठीवरच्या तान्ह्या पोरांवर कापड ओढायच्या. न्सोनाच्या गाड्यावर मिकाते घ्यायला आलेली एक बाई एकदा कढईत डोकावून म्हणाली, "तेल कसलं गं हे?" न्सोनानं झारा उगारला तेव्हा ती पळाली. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

न्सोनाला दोन मुलं झाली. पहिला मातोंदो. तो चालायला लागला आणि गोवरात गेला. त्याच्यानंतर ग्रासिया. मावुंगुनं स्वतः लग्न केलं नाही. "मला कोण देणार पोरगी?" म्हणायचा, आणि तेही खरंच होतं. ग्रासियाला मात्र त्यानं खांद्यावर वाढवलं. तिच्या बाहुलीशी तिच्याहून जास्त तोच खेळायचा. तिचा बाप गास्पार बंदरावर कारकून होता. माणूस सज्जन, पण बायको म्हणेल त्याला हो, मेहुणा म्हणेल त्यालाही हो. त्याचा उपयोग शून्य.

ग्रासिया नर्स झाली आणि एक्झोसे नावाच्या चांगल्या मुलाच्या प्रेमात पडली. मुलाचं घरही बाकोंगोच, पण देवळात राहायला गेल्यासारखं. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना आणि शिंक आली तरी सैतानाला शिव्या. ते लोक 'दार वाजवायला' यायचे ठरले. म्हणजे मुलाकडचे बाटली घेऊन येतात, मुलीचा मामा दार उघडतो, बाटली हातात घेतो आणि तिचं बूच काढतो. बूच निघालं की बोलणी सुरू.

"चार वाजता," न्सोनानं आठवडाभर भावाला बजावलं. "आंघोळ करून. शर्ट घालून. माणसासारखा."

त्याच सकाळी त्याचं शूटिंग निघालं. तिकडून निघायला उशीर झाला, बस मिळेना, पुलाजवळ गाड्या तुंबलेल्या. मामाशिवाय दार कोण उघडणार या काळजीनं तो बसमधून उतरून पळत सुटला आणि मागच्या दारानं घरात शिरला तेव्हा पुढच्या दारावर टकटक झाली. न्सोना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत त्यानं दार उघडलंसुद्धा. अर्ध्या तोंडाला पांढरी माती. ओठांच्या कडेला मालिकेतलं रक्त. आणि पळून पळून धापा टाकत, मोठ्ठं हसून म्हणतोय काय, "या या! तुमचीच वाट बघत होतो!"

मुलाची फिफी आत्या अशी किंचाळली की गल्लीतली कुत्री उठली. बाटली उंबऱ्यावर फुटली. एक्झोसेची माणसं येशूचं नाव घेत गल्लीच्या टोकापर्यंत पोचलीसुद्धा. मावुंगु फुटक्या बाटलीकडे बघत राहिला.

"ताई, मी वेळेवर आलो होतो," तो म्हणाला.

न्सोनानं कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी ती बोललीच नाही. बोलायला लागली असती तर थांबली नसती.

आता झाली पंचाईत. मुलाकडच्यांचं म्हणणं, असला मामा आम्हाला लग्नात नको, त्याची थुंकी आमच्या सुनेवर नको. पण त्याच घरातले म्हातारे म्हणायचे, मामाला वगळलं आणि तो चिडला तर? मग तर तो खाईलच! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ग्रासिया रडून रडून बेजार झाली. एक्झोसे बिचारा रोज येऊन गाड्यापाशी उभा राहायचा, नको असताना मिकाते विकत घ्यायचा आणि काहीच न बोलता जायचा. होणाऱ्या जावयाचं तोंड बघून न्सोनाचा जीव अर्धा व्हायचा.

तोडगा त्यांच्या पास्टर जोएलनं काढला. मामानं रविवारी प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपण चेटूक करत होतो हे कबूल करायचं, सामान जाळायचं, मग पास्टर त्याच्या अंगातलं भूत काढणार. शुद्ध झालेल्या मामाचा आशीर्वाद चालेल.

न्सोना म्हणाली, "त्यापेक्षा खरं सांग ना त्यांना! सांग, आतडी बकऱ्याची आहेत."

मावुंगुनं मान हलवली. "लुकाऊला पाच पोरं आहेत ताई. मी खोटं म्हटलं की उद्या मैदान रिकामं. आखाड्यातला एकही जण मला माफ करणार नाही."

"मग काय भाचीला घरात बसवतोस?"

"नाही. मी चेटक्या होतो असं सांगतो. त्यात आखाड्याचं काही जात नाही. उलट लोक म्हणतील, बघा, खरंच होतं. पण मग मला रिंगणात जाता येणार नाही, टीव्हीवरही नाही." त्यानं आपल्या मोठ्या हातांकडे पाहिलं. "सिमेंटची वखार अजून आहे ना तिथे?"

पन्नाशीच्या माणसाला पुन्हा पोती? न्सोनाला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की तिला रागच यायचा. "इतकी वर्षं दुनियेसाठी सोंगं केलीस," ती फिस्कारली, "एक दिवस माझ्या पोरीसाठी कर. आणि नीट कर!"

"करतो," तो म्हणाला.

रविवारी पत्र्याच्या शेडखालच्या त्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. म्पिम्पा शरण येणार म्हणून लांबलांबून लोक आलेले. मागच्या रांगेत टोपी खाली ओढून लुकाऊ बसला होता. पुढे मुलाकडची मंडळी बसली होती, मधोमध फिफी आत्या आणि एक्झोसेची पणजी शोभेल अशी त्याची आजी, न्केंगे आजी. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. न्सोना, गास्पार आणि ग्रासिया बाजूला. मावुंगुनं लुकाऊचा कोट घातला होता, त्याच्या बाह्या कोपरापाशीच संपल्या होत्या. या माणसाला एक दिवस तरी धड दिसता येऊ नये का?

त्यानं पिशवीतून सामान काढून पत्र्याच्या ताटात ठेवलं. पिसं न्सोनाच्याच कोंबड्यांची. रिंगणात मंत्र घालायची बाहुली अंग घासायच्या काथ्याची, आणि तिला घातलेला चिंधीचा झगा ग्रासियाच्या बाळपणीच्या फ्रॉकचा. न्सोनानंच शिवला होता. लोक मात्र त्या ताटाकडे बघून मागे सरकले.

मावुंगु सुरुवातीला चाचरला. मग हळूहळू त्याच्यातला नट जागा झाला. आवाज खाली गेला, डोळे मोठे झाले. शेंगेच्या टरफलातून नदीवर कसा उडायचो, आंब्याच्या झाडाखाली रात्री कोणाच्या पंगती बसायच्या, कोणत्या भांड्यात काय शिजायचं... तो सांगत गेला आणि शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं. एक बाई हुंदके देऊ लागली. फिफी आत्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. 'कामाच्या वेळी बरा करतो हं मेला,' न्सोनाच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला जरा सुटल्यासारखं वाटलं. होईल. लग्न होईल.

तेवढ्यात पास्टर जोएल माइक घेऊन पुढे सरकला. "नाव घे!" तो ओरडला. "नावाशिवाय सुटका नाही! कोणाला खाल्लंस?"

"नाव घे! नाव घे!" शेड गरजली.

हे मावुंगुला कोणी सांगितलं नव्हतं. न्सोनालाही नव्हतं. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. कोणाचं नाव घेणार? ज्याचं घेईल त्याची आई इथेच कुठेतरी बसलेली. आणि परक्याचं घेऊन चालतही नाही, मामाचे दात फक्त स्वतःच्या कुळावर चालतात हे सगळ्यांना ठाऊक. कुळात बहीण एक, भाची एक. आणि गेलेला एकच.

त्यानं न्सोनाकडे पाहिलं. लगेच मान खाली घातली.

"मातोंदो," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचा मातोंदो."

शेडमधून एकच कल्लोळ उठला. गास्पारनं डोक्याला हात लावला. पास्टर न्सोनाकडे वळला आणि हात पसरून म्हणाला, "बाई, पुढे या. म्हणा, मी माफ केलं. म्हणा, आणि तुमच्या लेकीची वाट मोकळी करा."

तीनच शब्द होते. म्हटले असते तर सगळं झालं असतं. ग्रासिया तिच्याकडे बघत होती, एक्झोसे बघत होता. न्सोना उठली, पुढे गेली, पास्टरच्या हातातून माइक घेतला आणि भावाच्या समोर उभी राहिली.

"खोटारड्या!" ती म्हणाली.

माइक कोकलला. ती थांबली नाही.

"अरे मूर्खा, तुला नाव घ्यायला दुसरं कोणी नाही मिळालं? मातोंदो गोवरात गेला. मी तापानं फणफणले होते, हा माझा नवरा बंदरावर. पोराला पाठीवर बांधून दवाखान्यात कोणी नेलं? हा गेला. तिथे त्याच्या पाठीवरच पोर गेलं. दवाखान्यातली गाडी नाही म्हणाली. बसवाले मेलेलं माणूस घेत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मग यानं काय केलं? पोराला पुन्हा पाठीवर बांधलं आणि बसमध्ये चढला. लोकांना वाटावं झोपलंय, म्हणून घरापर्यंत गाणं म्हणत आला. अंगाई! पाठीवर थोपटत! बसमधल्या बायका म्हणाल्या, काय गुणी मामा आहे. ते याचं पहिलं नाटक. त्याआधी यानं कधी नाटक केलं नव्हतं. माझ्या दारात येऊन पोर माझ्या हातात देईपर्यंत हा गाणं थांबवेना! आणि हा म्हणतो, मी खाल्लं!"

तिला धाप लागली. आता तोंडाला लगाम राहिला नव्हता.

"आणि कसली आतडी खातो विचारा त्याला! मी शिजवते! दर शनिवारी! बकऱ्याची, टोमॅटो घालून, लाल तेलात. मिरची घालते कारण साहेबांना सपक चालत नाही. ती बाहुली माझी, पिसं माझ्या कोंबड्यांची. हा चेटक्या? याला वीज गेली की कंदील लागतो!"

मागच्या रांगेतून "मेलो!" असा लुकाऊचा आवाज आला. कोणीतरी खुदकन हसलं. पास्टर माइक मागत म्हणत होता, "पाहा, पाहा, चेटक्यानं हिचं डोकंसुद्धा बांधून टाकलंय." मावुंगु तसाच उभा होता. बाह्या कोपरावर. रडत होता, आणि ते नाटक नाही हे कळायला त्याला ओळखणारंच माणूस लागलं असतं. नाटकात तो फार सुरेख रडायचा. आता त्याचं नाक वाहत होतं.

न्केंगे आजी उठली. दोन्ही बाजूंनी नातसुनांनी धरलं.

"पास्टर, तुम्ही बसा जरा," ती म्हणाली. मग मावुंगुच्या दिशेनं तोंड करून, "कुठल्या बसनं आलास रे?"

"मातेतेच्या, आजी. न्गाबाच्या चौकात उतरलो."

"गर्दी होती?"

"होती. मला एकानं उठून जागा दिली. पोर झोपलंय म्हणून."

म्हातारीनं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मी माझं पोर गावाहून आणलं होतं, ट्रकमधून," ती म्हणाली. "असंच. पाठीवर. मला गाता नाही आलं." तिनं काठीनं फिफी आत्याच्या खुर्चीवर टकटक केलं. "दुसरी बाटली आण गं. याच्या दारात फुटली ती आपली होती. बूच याच्या हातून निघेल."

पास्टरनं तोंड उघडलं, पण त्या घरात आजीच्या काठीपुढे देवाचंही फारसं चालत नसे.

आखाड्याचा मालक न्सोनावर असा भडकला की विचारू नका. लुकाऊ तर दारात येऊन भांडून गेला. पण पुढच्या रविवारी म्पिम्पा पुन्हा रिंगणात उतरला तेव्हा मैदान नेहमीपेक्षा जास्त भरलं. लोक म्हणाले, बहीणच ती, भावाला वाचवायला काहीही सांगेल, बकऱ्याची म्हणे! म्हणजे इतक्या वर्षांत एकदा तिनं तोंड उघडून खरं सांगितलं, तर त्यावर एकाही माणसानं विश्वास ठेवू नये? उलट गाड्यावर येऊन दोघी-तिघींनी हळूच विचारलं, की ती आतडी मिळतील का थोडी, वाटीभर. न्सोनानं हात जोडले.

लग्न परसातच झालं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भाड्याचे स्पीकर, मोठाल्या पातेल्यांत कसाव्याच्या पानांची पोंडू भाजी आणि मासे. ग्रासिया आणि एक्झोसे चटईवर गुडघे टेकून बसले. मावुंगु आंघोळ करून आला होता, शर्ट घालून आला होता. अगदी माणसासारखा. त्याच्या हातात ताडीचा पेला दिला. मिरवणुकीत चार गल्ल्यांना ऐकू जाणारा त्याचा आवाज ऐकायला सगळे सरसावून बसले.

आवाज निघेना. पेला हातात, ओठ हलताहेत, शब्द नाही. जो कधी एक वाक्य विसरला नव्हता, तो भाचीसमोर उभा राहून घाम पुसत होता.

"बोल ना," न्सोना दातांतून म्हणाली. "लोक बघताहेत."

तो वळला. सगळ्या वऱ्हाडासमोर, लहान मुलासारखं म्हणाला, "ताई, मी मातोंदोचं नाव घेतलं. तू रागावलीस का?"

"रागावलेय," न्सोना म्हणाली. "मरेपर्यंत रागावणार आहे. आधी पोरीला मोकळी कर."

मग तो बोलला. नट बोलतो तसा नाही, अडखळत, साध्या आवाजात. तुझ्या वाटेत खड्डा नसू दे, तुझं भांडं रिकामं नसू दे, तुझी लेकरं तुझ्याआधी न जावोत. तोंडात ताडी घेतली आणि दोघांच्या डोक्यांवर फुर्रकन शिंपडली. ग्रासिया डोळे मिटून हसली. फिफी आत्यानंही नकळत डोकं पुढे केलं. बायकांनी जिभा हलवून कल्लोळ केला, स्पीकर सुरू झाला.

मावुंगु पेला खाली ठेवणार, तेवढ्यात न्सोनानं त्याचं मनगट धरलं. ती थोरली, धाकट्यापुढे तिनं कधी मान वाकवली नव्हती आणि रिवाजही तसा नव्हता. ती वाकली.

"थोडी आहे ना अजून?" ती म्हणाली. "इथे टाक. मातोंदोच्या वाटची."